नवा लाँगबो आणि त्याला जुळणारे लाकडी बाण

धनुष्य बनवणारा कारागीर मागणी घेताना दोन आकडे विचारतो. किती पाउंडांचं हवं, आणि तुमचा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, किती इंचांचा? पहिला आकडा सगळे पटकन सांगतात. दुसरा अंदाजाने ठोकून दिला जातो. पुढे बाण का जुळत नाहीत याचा माग काढत गेलं, की बहुतेक वेळा तो याच अंदाजापाशी येऊन थांबतो.

ड्रॉ मोजायला वीस-पंचवीस पाउंडांचं हलकं धनुष्य आणि इंचांच्या खुणा केलेला लांब बाण पुरतो. नेहमीसारखं ओढायचं, हात नेहमीच्या जागी हनुवटीला टेकवायचा आणि धनुष्याच्या पाठीपाशी, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, कोणती खूण आली ते दुसऱ्याने वाचायचं. स्वतः वाचायला गेलात की मान वळते आणि माप बिघडतं. रिकर्व्हवरून, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांच्या धनुष्यावरून, लाँगबोकडे येणाऱ्यांचा ड्रॉ आखडतो, कारण क्लिकर, म्हणजे पूर्ण ओढल्यावर टिक वाजणारी पट्टी, गेलेला असतो आणि पाउंड वाढलेले असतात. अर्धा-पाऊण इंच सहज कमी होतो. म्हणून हलक्या धनुष्यावर माप घेतलं तरी जरा जड धनुष्यावर ते पुन्हा घ्यावं. माझं 27 इंच भरतं.

धनुष्यावर कारागिराने "45 पाउंड, 28 इंच" असं लिहिलेलं असतं. म्हणजे 28 इंच ओढल्यावर बोटांवर 45 पाउंडांचा ताण येतो. या वजनाच्या धनुष्यात शेवटच्या इंचांना प्रत्येकी साधारण अडीच पाउंड पडतात. 27 इंच ओढणाऱ्याच्या हातात तेच धनुष्य साडेबेचाळीसचं होतं, आणि 26 इंच ओढणाऱ्याच्या हातात चाळीसचं. बाण जुळवायचे ते या आकड्याला. धनुष्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराला सांगितलं आणि त्याने त्यावरून बाण दिले, तर 28 पेक्षा कमी ओढणाऱ्याला ते हमखास कडक निघतात.

इथे इंग्लंडच्या क्लबांमध्ये लाँगबो म्हणजे कोणतंही लांब लाकडी धनुष्य नव्हे. त्याची जाडी रुंदीच्या निदान पाच अष्टमांश असावी लागते. त्यामुळे दांड्याचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो. बाण टेकायला खाच किंवा फळी चालत नाही, बाण थेट मुठीवर टेकतो. बाण लाकडी आणि पिसं खरी हवीत. यू (yew) या झाडाच्या एकाच लाकडाचं धनुष्य उत्तम. त्यात पांढरट रसकाष्ठ पाठीला ताण झेलतं आणि तांबूस गाभा पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, दाब झेलतो. पण चांगलं यू दुर्मिळ आणि महाग. रोजच्या सरावाला पाठीला हिकरी आणि पोटाला लेमनवुड असं चिकटवलेलं धनुष्य मला जास्त पटतं. हिकरी ताणाला सहसा हार जात नाही, आणि थोडीफार हयगय अशी जोडणी सोसून घेते. 27-28 इंचांच्या ड्रॉला लांबी 72 ते 74 इंच घ्यावी. आखूड धनुष्य थोडं चपळ असतं, पण लाकडावर ताण जास्त येतो आणि दोरीचा कोन तीव्र होऊन बोटं चिमटली जातात.

धनुष्य हातात आलं की दोरी चढवण्याआधी दोन्ही टोकांची शिंगाची नॉक, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचांची टोपणं, हलतात का पाहावं आणि पाठीवरून बोट फिरवून लाकडाचा तंतू कुठे उचललाय का ते तपासावं. वर कुठलं आणि खाली कुठलं हेही ओळखून ठेवायला हवं. बाण मुठीच्या वरून जातो, म्हणून पकड मध्यापासून खाली सरकवलेली असते. बहुतेक चार इंचांच्या पकडीत एक इंच मध्याच्या वर आणि तीन खाली असते. खालची बाजू त्यामुळे आखूड पडते आणि कारागीर ती किंचित कडक ठेवतो. उलटं धरून ओढलं तर सगळा तोल बिघडतो, आणि नव्या धनुष्याचं तेवढ्याने नुकसान होऊ शकतं. सहसा वरचं शिंग मोठं आणि नक्षीचं असतं.

दोरी चढवताना खालचं टोक पायाच्या आतल्या बाजूला टेकवायचं, एका हाताने पकड स्वतःकडे ओढायची आणि दुसऱ्या तळहाताने वरची बाजू पुढे ढकलत फास खाचेत सरकवायचा. धनुष्याच्या आत पाय घालून ते मांडीवर वाकवण्याची रीत लाँगबोला लावू नये, दांडा पिळला जातो. फास दोन्ही खाचांत नीट बसलाय याची खात्री होईपर्यंत तोंड धनुष्याच्या रेषेत आणू नये. दोरी डेक्रॉनची असेल तर 45 पाउंडांना 12 ते 14 धागे पुरतात. नवी डेक्रॉन दोरी पहिल्या काही डझन बाणांत ताणली जाते आणि पकडीपासून दोरीचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, कमी होत जातं. अंगठा उभा ठेवून मूठ धरली की जितकी उंची होते तितकं हे अंतर असावं, साधारण सहा ते साडेसहा इंच. कमी पडलं तर दोरीला पीळ वाढवायचा. पाच इंचांच्या खाली गेलं की दोरी मनगटावर फटके मारते आणि बाण वळवळत सुटतो.

नवं धनुष्य पहिल्याच दिवशी पूर्ण ओढायचा मोह आवरावा. कारागिराने ते तयार करताना वाकवून बसवलेलं असलं तरी आधी 20 इंच, मग 24, मग पूर्ण असं चढत जावं, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन डझन बाण सोडावेत. पूर्ण ओढून रोखून धरू नये, दोन-तीन सेकंदांत बाण सुटला पाहिजे. बाण न लावता दोरी सोडणं तर कधीच नाही. बाणात जाणारी ऊर्जा मग लाकडात परतते आणि धनुष्य त्याच क्षणी फुटू शकतं. थंडीत पहिले काही ड्रॉ हळूहळू आणि अर्धेच घ्यावेत. नेमबाजी संपली की दोरी उतरवावी. उतरवल्यावरही धनुष्य एक-दोन इंच वाकलेलं राहतं. ते लाकडाने घेतलेलं वळण असतं, त्यात दोष नाही. या काळात धनुष्याचा जोर एक-दोन पाउंडांनी उतरतो. म्हणून बाण जुळवण्याची घाई करू नये. धनुष्य बसल्यावर काट्याला लावून आपल्या ड्रॉवर पुन्हा मोजावं. माझं 27 इंचांवर 42 भरलं, आणि पुढचे सगळे हिशेब या 42 वरचे आहेत.

आता स्पाइन, म्हणजे बाणाचा कडकपणा. बाणाची काडी, म्हणजे शाफ्ट, 26 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची आणि मधोमध दोन पाउंडांचं वजन टांगायचं. ती जितके इंच वाकेल त्याने 26 ला भागलं की स्पाइन पाउंडांत मिळतो. 0.52 इंच वाकली तर 50, 0.65 वाकली तर 40. विक्रेते पाच-पाच पाउंडांचे गट करून विकतात, 35-40, 40-45 असे. हा आकडा 28 इंचांच्या बाणाला धरून केलेला आहे. बाण एक इंच आखूड केला की तो सुमारे पाच पाउंडांनी कडक वागतो, लांब ठेवला की तितकाच नरम. टोकाला जड पाइल, म्हणजे बाणाचं धातूचं टोक, लावलं तरी बाण नरम वागतो.

इंग्लिश लाँगबोला बाण धनुष्याच्या जोरापेक्षा पाच ते दहा पाउंड नरम का लागतो, हे नीट समजून घ्यावं. आधुनिक रिकर्व्हच्या मुठीत बाणासाठी मध्यापर्यंत कापलेली खिडकी असते आणि बाण जवळजवळ दोरीच्या रेषेतच सुटतो. लाँगबोला अशी खिडकी नाही. 30 मिलिमीटर रुंद पकड असेल तर बाण मध्यापासून 15 मिलिमीटर आणि वर स्वतःच्या अर्ध्या जाडीइतका बाहेर असतो. दोरी मात्र मध्याकडेच धावते. बाणाला धनुष्याच्या कडेला वळसा घालत, डावीकडे-उजवीकडे लवत पुढे जावं लागतं. 1930 च्या दशकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित केलं, आणि बाण दांड्याला वळसा घालून जातो हे डोळ्यांना दिसलं. कडक बाण पुरेसा लवत नाही, दांड्याला घासून डावीकडे फेकला जातो. फार नरम बाण जास्त लवून उजवीकडे जातो. हे उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांसाठी सगळं उलट.

तक्ते सुरुवातीला दिशा दाखवतात, निकाल मात्र मैदानात लागतो. 42 पाउंडांना 35-40 हा गट अपेक्षित धरला, तरी 30-35 आणि 40-45 चे शाफ्टही दोन-दोन मागवावेत. जाडी 5/16 इंच. सगळे एकाच लांबीचे, एकाच 100 ग्रेनच्या पाइलचे (एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन). प्रत्येक जोडीतल्या एकाला पिसं लावायची, दुसऱ्याला पिसांच्या जागी तितक्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळायची. लांबी ड्रॉपेक्षा निदान एक इंच जास्त ठेवायची. बाण मुठीवर टेकलेला असतो, तो मुठीच्या मागे ओढला गेला तर सुटल्यावर हातात घुसेल. माझे नॉकच्या, म्हणजे बाणाच्या शेपटीच्या टोपणाच्या, खाचेपासून पाइलच्या मागच्या कडेपर्यंत 28 इंच ठेवले.

दोरीवर बाण लावण्याची जागा काटकोनाच्या पाव ते तीन अष्टमांश इंच वर धाग्याने बांधून सुरुवात करायची. मग 12 ते 15 यार्डांवरून, मऊ गवताच्या लक्ष्यावर, पिसांचा आणि बिनपिसांचा बाण आलटूनपालटून. यापेक्षा लांबून बिनपिसांचा लाकडी बाण सोडू नये, तिरका घुसला की मोडतो. आधी वर-खाली बघायचं. बिनपिसांचा बाण खाली लागत असेल तर दोरीवरची गाठ फार वर आहे, वर लागत असेल तर फार खाली. गाठ अतिशयच खाली असेल तर बाण मुठीवर आपटून उसळतो आणि उलटीच खूण देतो. म्हणून गाठ वरून सुरू करून थोडी थोडी खाली आणावी. हे जुळल्यावर डावं-उजवं. बिनपिसांचा बाण डावीकडे म्हणजे कडक, उजवीकडे म्हणजे नरम. लक्ष्यात घुसलेल्या बाणाचा शेपटीकडचा कोन बघून निर्णय घेऊ नये, गवताच्या भाऱ्यात टोक कुठे अडलं त्यावर तो बदलतो. लागलेली जागा बघावी, तीही एका बाणाची नाही. हात झटकून सोडलेला चांगला बाणही डावीकडेच जातो. सहा-सात फेऱ्यांत जी बाजू सतत दिसते ती खरी.

माझ्या धनुष्याला 40-45 उघड डावीकडे गेले, 30-35 थोडे उजवीकडे, आणि 35-40 पिसांच्या बाणांच्या हातभर आत, किंचित डावीकडे. तो शेवटचा फरक पाइल 100 वरून 125 ग्रेन करूनही निघाला असता. पण पुढे वजन वाढलं की 60 यार्डांवर बाण खाली पडतो. त्यामुळे गट तोच ठेवून त्यातले 37 च्या आतले शाफ्ट निवडले. स्पाइन मोजायचं साधन क्लबमध्ये असतं. नसलं तर डायल गेज आणि दोन खुंट्या लावून घरी करता येतं.

लाकूड कोणतं? जुन्या लोकांची पसंती पोर्ट ऑर्फर्ड सीडरला. हे झाड ओरेगनच्या नैऋत्येला आणि कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला वाढतं. मुळं कुजवणाऱ्या रोगाने तिथली पुष्कळ झाडं गेली, त्यामुळे चांगले शाफ्ट महागले. शार्पनरमध्ये टोक कापताना त्याचा आल्यासारखा तिखट-गोड वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की नकली सीडर लगेच कळतं. स्प्रूस आणि पाइनही उत्तम चालतात. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेवर साडेतीन हजारांच्या आसपास बाण सापडले, त्यांतले पुष्कळसे पॉप्लरचे होते. ते युद्धाचे जाडजूड बाण, आपल्या कामाचे नाहीत. पण चांगल्या बाणाला एकच लाकूड लागतं असं नाही, हे त्यावरून दिसतं.

बारा बाण हवे असतील तर सोळा-अठरा शाफ्ट घ्यावेत. आधी रेषा पाहायच्या. लाकडाची रेषा चार-पाच इंचांतच कडेला बाहेर पडत असेल तर तो शाफ्ट बाजूला, त्याच जागी मोडणार. मग वजन. 32 इंचांचा 5/16 सीडर शाफ्ट साधारण 260 ते 290 ग्रेन भरतो. बारांच्या संचात सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत दहा ग्रेनपेक्षा जास्त फरक नको. हा हट्ट उगाच नाही. 365 ग्रेनचा बाण सेकंदाला 140 फुटांनी सुटला आणि दुसरा 20 ग्रेनने जड असला, तर हिशेबाने 60 यार्डांवर तो जवळपास फूटभर खाली लागतो. 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर प्रत्येक रंगाचा पट्टा 12.2 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे बाण दोन रंग ओलांडून खाली जातो. नेम बरोबर असूनही.

सरळ करणं हे या कामातलं सर्वांत संथ आणि मला सर्वांत आवडणारं काम. शाफ्ट खिडकीच्या उजेडाकडे धरून एका डोळ्याने त्याच्या अंगावरून पाहायचं आणि हळूहळू फिरवायचं. उजेडाची रेघ जिथे तुटते तिथे फुगवटा. तळहाताच्या टाचेने तो घासून गरम करायचा आणि उलट बाजूला अलगद दाबायचा. एका जागी जोर देऊन वाकवलं तर तंतू आत चुरतात, मग तिथे कायमची कमजोरी राहते. लाकूड रात्रीत परत फिरतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नॉक बसवताना रेषांची दिशा चुकली तर वर केलेली सगळी निवड वाया जाते. शाफ्टच्या टोकावर वार्षिक वलयांच्या समांतर रेघा दिसतात. नॉकची खाच त्या रेघांना काटकोनात हवी. मग शाफ्टची कडक बाजू धनुष्याला लागते, आणि स्पाइन त्याच बाजूने मोजलेला असतो. आता बाणाच्या वरच्या आणि खालच्या अंगावर रेषांच्या लांबट व्ही आकाराच्या जिभा दिसतील. वरच्या अंगावरच्या जिभांचं टोक पुढे, लक्ष्याकडे असायला हवं. सोडताना बाण मोडलाच तर मागचा अणकुचीदार तुकडा वर घसरून निघून जातो. उलट असेल तर तो खाली घसरतो, आणि खाली तुमची मूठ असते.

नॉकसाठी 11 अंशांचा आणि पाइलसाठी 5 अंशांचा उतार पेन्सिलीच्या शार्पनरसारख्या हत्याराने कापला जातो. पातं धारदार हवं, बोथट पात्याने उतार वाकडा येतो आणि पाइल डुगडुगतं. पाइल गरम विरघळणाऱ्या डिंकाने लावायचं. पक्कडीत धरून पाइलच तापवायचं, लाकूड नाही. उताराला डिंक फासून फिरवत बसवायचं आणि पाण्यात बुडवायचं. लाकूड जळून काळं पडलं तर बाण पाइलच्या मागेच मोडतो. नखावर टेकवून बाण फिरवला की पाइल सरळ आहे का ते लगेच जाणवतं.

पिसांच्या आधी पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात, मध्ये 320 नंबरच्या कागदाने हलकं घासून. तेल दिलेल्या लाकडावर पिसांचा डिंक धरत नाही, म्हणून डिंक आणि लेप एकमेकांशी जुळतात का ते उरलेल्या तुकड्यावर आधी पाहावं. पिसं टर्कीची, 60 यार्डांसाठी तीन इंची. एका बाणावर सगळी उजव्या पंखाची किंवा सगळी डाव्या पंखाची, मिसळ नाही, नाहीतर पिसं बाणाला एकाच दिशेने फिरवत नाहीत. बाण मुठीवरून जातो, त्यामुळे पिसाच्या दांडीचं पुढचं टोक ब्लेडसारखं बोटाच्या पेराला कापतं. ते तासून पातळ करायचं, त्यावर धाग्याचे सात-आठ फेरे गुंडाळायचे आणि डिंकाचा थेंब सोडायचा. हे केलं नाही तर पहिल्या डझनातच रक्त निघतं.

बांबूच्या बाणांना यातलं रेषांचं गणित लागू नाही, तिथे पेरं सारखी निवडणं आणि आगीवर सरळ करणं हीच मेहनत. भारतात इंडियन राउंडमध्ये बांबूच्या धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर खेळतात, त्यांना स्पाइन आणि वजनाची जुळणी तितकीच कामाची आहे. सीडरचे बाण कोकणातल्या पावसाळ्यात न्यायचे असतील तर नॉक आणि पाइलच्या सांध्यांवरही लेप हवा. ओल तिथूनच शिरते, आणि वाकलेला बाण पुन्हा सरळ करत बसावं लागतं.

तयार बाणांवर नाव किंवा आद्याक्षरं लिहावीत, आणि पिसांपाशी 1 ते 12 क्रमांक घालावेत. प्रत्येक फेरीनंतर कुठला क्रमांक कुठे लागला ते वहीत टिपायचं. वजन आणि स्पाइन जुळवूनही दोन-तीन बाण सतत एकाच बाजूला जातात. आधी त्यांचा सरळपणा पाहावा, मग नॉकची खाच दोरीवर फार घट्ट बसतेय का ते. दोरीवर लावलेला बाण खाली लोंबता ठेवून दोरीला टिचकी मारली की तो सुटला पाहिजे. एवढ्यावरही डावीकडेच जाणारा बाण मधल्या भागात बारीक कागदाने लांबवर घासला की थोडा नरम होतो. घासताना मध्येमध्ये स्पाइन मोजत राहावं. सतत खाली जाणारा बाण वजनाला जास्त असतो, त्याला संचातून काढून जवळच्या सरावाला ठेवावं.

संच ठरला की त्याची नोंद करून ठेवावी: लाकूड, जाडी, स्पाइन, लांबी, पाइलचं वजन, तयार बाणाचं वजन, दोरीचे धागे, ब्रेस हाइट, गाठीची जागा. दोरी बदलली किंवा एक हंगाम उलटला की धनुष्य पुन्हा काट्याला लावावं. ते आणखी दोन पाउंडांनी उतरलं असेल तर पुढच्या डझनाचे शाफ्ट त्याच गटातल्या नरम टोकाचे मागवावेत.